नळी घडविणारे विकर : गर्भातील पेशींचा संवाद आणि आपली जबाबदारी

आपल्या शरीरातील बहुतेक महत्त्वाच्या अवयवांचे मूळ रूप नळीचे आहे. अन्नमार्ग ही एक लांब नळी आहे. श्वासमार्ग ही फांद्या फुटत गेलेली नळी आहे. रक्तवाहिन्या नळ्याच आहेत. हृदय गर्भामध्ये प्रथम एका साध्या नळीच्या रूपाने प्रकट होते आणि मेंदू व मज्जारज्जू यांचा उगमही एका नळीतूनच होतो. मूत्रपिंड तर लक्षावधी सूक्ष्म नळ्यांचा समूह होय. या नळ्या कोणी बाहेरून आणून बसवीत नाही. पेशी एकमेकींना संदेश देतात, ते ऐकतात आणि त्यानुसार सरकतात, वाकतात, पोकळ होतात. या संवादावर ज्यांचे बारीक लक्ष असते ते रासायनिक कार्यकर्ते म्हणजे विकर, अर्थात एंझाइम. त्यांच्या या कार्याची ओळख आपल्या विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांना, पालकांना आणि समाजबांधवांना करून द्यावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. विषय प्रयोगशाळेतला वाटला तरी त्याचा शेवट आपल्या घरातील औषधांच्या डब्यापाशी आणि आपल्या लग्नसंबंधांपाशी येतो, हे वाचकांच्या लक्षात येईलच.

विकरांची दुसरी ओळख

शाळेत विकरांची ओळख होते ती पचनाच्या पाठात. लाळेतील अमायलेज पिष्टाचे विघटन करते, जठरातील पेप्सिन प्रथिने तोडते, एवढे बहुतेकांना आठवते. त्यामुळे विकर म्हणजे अन्न पचविणारे द्रव्य, असा समज रूढ झाला आहे. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. विकर हे मुळात रासायनिक क्रियेला गती देणारे, बहुतांशी प्रथिनरूप, द्रव्य आहे. ती क्रिया अन्नकणावर घडेल किंवा एखाद्या संदेशरेणूवरही घडेल.

पेशींचा संवाद कसा चालतो? एक पेशी एखादे प्रथिन बाहेर सोडते. हा झाला संदेश. दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर त्याला धरणारे दुसरे प्रथिन असते. त्याला ग्राही म्हणतात. संदेश ग्राहीला भिडला की पेशीच्या आत हालचाल सुरू होते. या प्रत्येक टप्प्यावर विकर उभे असतात. काही विकर संदेश तयार करतात. काही विकर निद्रिस्त संदेशाचा तुकडा कापून त्याला जागे करतात. अनेक ग्राही स्वतःच विकर असतात: संदेश मिळताच ते प्रथिनांवर फॉस्फेटचा अंश चढवितात. अशा विकरांना कायनेज म्हणतात. काही विकर तो फॉस्फेट उतरवून ठेवतात आणि काही विकर काम झालेला संदेश नष्ट करतात.

शेतीशी संबंध असलेल्या वाचकांना हे सहज समजेल. कालव्याला पाणी असते, पण कोणत्या शेताला किती वेळ पाणी द्यायचे हे पाटकरी ठरवितो आणि शेतात दारे धरणारा माणूस एक वाफा भरला की मातीचा बांध फोडून पाणी पुढच्या वाफ्याकडे वळवितो. पाणी कमी पडले तर पीक वाळते. दारे मोडायला विसरले तर पीक कुजते. गर्भातील संदेशांचे तसेच आहे. संदेश असणे पुरेसे नाही. तो योग्य जागी, योग्य वेळी आणि योग्य प्रमाणात पोहोचला पाहिजे. दारे धरण्याचे हे काम विकरांकडे आहे.

फळमाशीची श्वासनलिका

नळी कशी घडते याचा सर्वांत सखोल अभ्यास झाला तो पिकल्या केळ्यावर घोंगावणाऱ्या इवल्याशा फळमाशीवर. तिच्या शरीरात फुप्फुसे नसतात. शरीराच्या बाजूच्या छिद्रांतून आत गेलेल्या हवेच्या नळ्या फांद्या फुटत थेट पेशींपर्यंत पोहोचतात. अंड्यातील गर्भाच्या प्रत्येक बाजूस दहा ठिकाणी सुमारे ऐंशी पेशींचा एकेक समूह ठरतो. हा समूह आत खचून त्याची पिशवी बनते आणि त्या पिशवीतून फांद्या निघतात. विशेष म्हणजे फांद्या निघू लागल्यावर या पेशींचे विभाजन होत नाही. आहेत त्याच पेशी सरकून, ताणून, एकमेकींत गुंतून संपूर्ण जाळे उभे करतात.

फांदी कोणत्या दिशेला जावी? पिशवीच्या भोवतीच्या काही पेशी एक संदेशप्रथिन सोडतात. ते नसेल तर फांद्याच फुटत नाहीत, म्हणून त्याला ‘ब्रँचलेस’, म्हणजे फांदीविना, असे नाव मिळाले. नलिकेच्या पेशींवरील त्याच्या ग्राहीचे नाव ‘ब्रेथलेस’, म्हणजे श्वासाविना. हा ग्राही स्वतः कायनेज विकर आहे. सर्वाधिक संदेश मिळालेली पेशी पुढारी होते आणि मागच्या पेशींना ओढत नेते.

मात्र संदेश आणि ग्राही दोन्ही उपस्थित असूनही काम अडू शकते. पेशींच्या पृष्ठभागावर हेपरान सल्फेट नावाच्या लांब शर्करासाखळ्या असतात. ‘ब्रँचलेस’ला ग्राहीशी नीट भिडविण्यास या साखळ्यांचा आधार लागतो. त्या साखळ्या विकर तयार करतात. एक विकर साखळीसाठी लागणारा शर्करेचा कच्चा माल पुरविते, दुसरे तिच्यावर सल्फेटचे अंश बसविते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की यांपैकी कोणतेही एक विकर नसेल तर श्वासनलिकेच्या पेशी जागच्या हलत नाहीत. हाक मारणारा आहे, ऐकणाराही आहे. पण मधली जोडणीच नाही.

नळीची लांबी ठरविण्यातही विकरांचा वाटा आहे. वाढत्या नलिकेच्या पोकळीत प्रथम काइटिनचा एक तात्पुरता दांडा तयार होतो. हे काइटिन म्हणजे झुरळाच्या किंवा खेकड्याच्या कवचात असते तेच. नलिकेच्या पेशी दोन विकर पोकळीत सोडतात आणि ती या काइटिनवरील ॲसिटिल अंश काढून त्याचे गुणधर्म बदलतात. ही विकर नसलेल्या माश्यांमध्ये नलिका अवाजवी लांब होते आणि मर्यादित जागेत सापासारखी वळणे घेत राहते. म्हणजे पोकळीतील द्रव्याची ठेवण भोवतालच्या पेशींना ‘आता लांबी पुरे’ असे सांगत असते, आणि ती ठेवण विकरांच्या हाती असते. वाढीची आज्ञा जितकी आवश्यक, तितकीच थांबण्याचीही.

प्राणवायू मोजणारे विकर

अळी बाहेर आल्यावरही नलिकांच्या टोकांना बारीक फांद्या फुटत राहतात. जेथे प्राणवायू कमी तेथे फांद्या अधिक. पेशीला प्राणवायू कमी पडल्याचे कसे कळते? याचे उत्तर पुन्हा एका विकरापाशी मिळते.

पेशीत एक नियंत्रक प्रथिन सतत तयार होत असते. प्राणवायू मुबलक असेल तेव्हा प्रोलिल हायड्रॉक्सिलेज हे विकर तोच प्राणवायू वापरून त्या प्रथिनावर एक रासायनिक खूण करते. खूण झालेले प्रथिन लगेच नष्ट केले जाते. प्राणवायू कमी झाला की विकराला खूण करता येत नाही, प्रथिन साचते आणि फांद्या फुटण्यास लागणारी जनुके जागी होतात. नलिकेच्या टोकाच्या पेशींत ‘ब्रेथलेस’ ग्राहीचे प्रमाणही त्यामुळे वाढते. हीच यंत्रणा माणसातही आहे. या यंत्रणेच्या शोधाबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा या तिघांना २०१९ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. माशी आणि माणूस यांच्यात वरकरणी काय साम्य? पण पेशींची भाषा पुष्कळशी एकच आहे, आणि म्हणून माशीच्या अभ्यासातून माणसाचे आजार समजतात.

मूत्रपिंडाची घडण

आता माणसाकडे वळू. मातेच्या उदरातील गर्भाच्या पाचव्या आठवड्यात एका नळीला लहानसा कोंब फुटतो. त्याच्या शेजारी सैल पेशींचा एक पुंजका असतो. पुंजक्यातून संदेश निघतो, कोंबाच्या पेशींवरील ‘रेट’ नावाचा ग्राही तो घेतो आणि कोंब पुंजक्यात शिरून दुभंगू लागतो. हा ‘रेट’ही कायनेज विकरच. कोंबाच्या टोकांनी उलट संदेश दिला की पुंजक्यातील पेशी एकत्र येऊन मूत्र गाळणाऱ्या नलिका, म्हणजे वृक्काणू, तयार करतात. एक हाक आणि एक प्रतिसाद, अशा देवाणघेवाणीतून हा अवयव उभा राहतो. हेपरान सल्फेटच्या साखळीवर विशिष्ट ठिकाणी सल्फेट बसविणारे विकर ज्या उंदरांत नव्हते, त्यांच्यात कोंब फुटला, पण पुढचा संवाद थांबला आणि मूत्रपिंडे तयारच झाली नाहीत. हे निरीक्षण १९९८ साली प्रसिद्ध झाले.

‘रेट’ ग्राही किती प्रमाणात असावा, यावर जीवनसत्त्व ‘अ’ पासून बनणाऱ्या रेटिनोइक आम्लाचे नियंत्रण असते. आहारातून आलेल्या जीवनसत्त्वाचे हे आम्ल विकर बनवितात, आणि जादा आम्ल दुसरी विकर नष्ट करतात. अशा रीतीने मातेचा आहार गर्भातील संदेशात रूपांतरित होतो.

माणसाच्या एका मूत्रपिंडात सरासरी नऊ ते दहा लाख वृक्काणू असतात, पण व्यक्तीव्यक्तींत मोठा फरक आढळतो: कोणात दोन-अडीच लाख, तर कोणात वीस लाखांहून अधिक. साधारणतः गर्भावस्थेच्या ३६व्या आठवड्यापर्यंत नवे वृक्काणू तयार होणे थांबते. त्यानंतर आयुष्यभर त्यांची संख्या वाढत नाही, घटतच जाते. कमी वजनाच्या बालकांत वृक्काणू कमी असतात आणि पुढे अशा व्यक्तींना उच्च रक्तदाब व मूत्रपिंडाचे विकार जडण्याची शक्यता अधिक राहते. गरोदर स्त्रीच्या पोषणाची हेळसांड झाली तर तिची किंमत पन्नास वर्षांनंतरही मोजावी लागू शकते.

एका कात्रीची कथा

विकर, संदेश आणि नळी यांचे नाते सर्वांत स्पष्ट दिसते ते पुढील उदाहरणात. यकृत रक्तात एक मोठे प्रथिन सोडते. मूत्रपिंडातून येणारे रेनिन हे विकर त्याचा दहा अमिनो आम्लांचा तुकडा कापते. दुसरे विकर, ज्याला वैद्यकीय व्यवहारात ‘एसीई’ म्हणतात, त्या तुकड्याच्या टोकाची दोन अमिनो आम्ले छाटते. उरलेला आठ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे अँजिओटेन्सिन-२. हा प्रभावी संदेश रक्तवाहिन्यांना आकुंचन पावण्यास सांगतो आणि रक्तदाब राखतो.

गर्भात या संदेशावर मूत्रपिंडातील रक्तपुरवठा अवलंबून असतो. यकृताचे मूळ प्रथिन, रेनिन, एसीई आणि अँजिओटेन्सिनचा ग्राही, या चारांपैकी कोणत्याही एकाचे जनुक दोन्ही प्रतींत सदोष असेल, तर मूत्रपिंडातील जवळची वळणदार नलिका घडत नाही किंवा अर्धवट राहते. चारही जनुकांचा हा संबंध २००५ साली सिद्ध झाला. पुढची साखळी विचार करण्यासारखी आहे. नलिका नाहीत म्हणून गर्भ मूत्र तयार करीत नाही. गर्भावस्थेच्या उत्तरार्धात गर्भजल प्रामुख्याने गर्भाच्या मूत्रानेच भरत असते, म्हणून गर्भजल आटते. गर्भजलाअभावी फुप्फुसांना वाढण्यास अवकाश मिळत नाही. कवटीची हाडेही नीट भरत नाहीत. यांतील बहुतेक बालके जन्मापूर्वी किंवा जन्मानंतर लवकरच दगावतात. दोष एका कात्रीचा, पण त्याची झळ मूत्रपिंडापासून फुप्फुसापर्यंत पोहोचते.

औषधे आणि गर्भ

वाचकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. जे जनुकदोषाने घडते, तेच औषधानेही घडू शकते.

ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषात एसीई विकराला रोखणारे घटक आढळले. त्यावरून सुरू झालेल्या संशोधनातून कॅप्टोप्रिल हे औषध तयार झाले आणि १९८१ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच कुळातील एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल ही औषधे, तसेच ग्राहीला अडविणारी टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन ही औषधे आज रक्तदाबासाठी सर्रास दिली जातात. प्रौढांसाठी ती उपकारक आहेत. परंतु गर्भावस्थेच्या दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीत घेतली गेल्यास ती गर्भातील तोच संवाद बंद पाडतात: मूत्रनलिका घडत नाहीत, गर्भजल आटते, फुप्फुसे खुरटतात.

म्हणून आम्ही काही गोष्टी स्पष्टपणे सांगू इच्छितो. रक्तदाबाचे औषध घेणाऱ्या स्त्रीने गर्भधारणेचा विचार असल्यास आधीच, आणि पाळी चुकल्यास तत्काळ, डॉक्टरांना आपल्या औषधाचे नाव सांगावे. औषध मनाने बंद करू नये, कारण अनियंत्रित रक्तदाबही माता व बालक दोघांना घातक असतो. गर्भावस्थेत वापरता येणारी लॅबेटालॉल, मेथिलडोपा, निफेडिपिन यांसारखी औषधे उपलब्ध आहेत. त्यांची निवड डॉक्टरांनीच करावयाची असते. घरातील दुसऱ्या व्यक्तीची गोळी ‘रक्तदाबाचीच तर आहे’ म्हणून गरोदर स्त्रीला देणे हा गंभीर धोका आहे.

अंगदुखीच्या गोळ्यांचेही असेच आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे सायक्लोऑक्सिजनेज या विकराला रोखतात. त्या विकरापासून बनणारे प्रोस्टाग्लँडिन हे संदेश गर्भाच्या मूत्रपिंडाला आवश्यक असतात. गर्भावस्थेच्या विसाव्या आठवड्यानंतर ही औषधे घेतल्यास गर्भजल कमी होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० साली दिला. डॉक्टरांनी विशिष्ट कारणासाठी दिलेली अल्प मात्रेतील ॲस्पिरिन हा निराळा विषय आहे. ती स्वतःहून थांबवू नये. मुरुमांवरील आयसोट्रेटिनोइन या गोळीविषयीही तरुण मुलींना माहिती असली पाहिजे. हे रेटिनोइक आम्लाचेच एक रूप आहे. वर सांगितलेल्या विकरांची मोजणी ओलांडून ते थेट गर्भापर्यंत पोहोचते आणि हृदय, मेंदू, कान यांची घडण बिघडविते. ती गोळी घेत असताना गर्भधारणा होता कामा नये.

आणखी एक गोष्ट वेळेची. मेंदू व मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती नळी फलनानंतर साधारण २८व्या दिवसापर्यंत बंद होते. तेव्हा अनेक स्त्रियांना आपण गरोदर असल्याचे पुरते कळलेलेही नसते. फॉलिक आम्लामुळे ही नळी उघडी राहण्याचे दोष मोठ्या प्रमाणात टळतात, परंतु त्यासाठी रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल गर्भधारणेच्या आधीपासून सुरू असावे लागते. पहिल्या तपासणीच्या वेळी मिळालेली गोळी या कामासाठी बहुधा उशिराची ठरते.

नात्यातील विवाह

मूत्रनलिका न घडण्याचा जो वारसागत विकार वर सांगितला, तो प्रच्छन्न स्वरूपाचा आहे. एक सदोष प्रत बाळगणारे आईवडील स्वतः पूर्णपणे निरोगी असतात. दोघांकडेही तीच सदोष प्रत असेल, तर प्रत्येक गर्भधारणेत बालकाला विकार होण्याची शक्यता चारात एक असते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी विवाह करण्याची प्रथा अनेक समाजांत आहे. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या जनुकांचा सरासरी आठवा भाग समान वारशाचा असतो. त्यामुळे एकच दुर्मीळ दोष दोघांत असण्याची शक्यता परक्या जोडप्यापेक्षा पुष्कळ वाढते. अशा प्रत्येक विवाहातून आजारी मूल जन्मते असे मुळीच नाही. बहुसंख्य मुले निरोगीच असतात. परंतु कुटुंबात एकाहून अधिक बालके कारण न कळता दगावली असतील, तर नशिबाला किंवा सुनेला बोल लावण्याऐवजी जनुकीय सल्ला घ्यावा, एवढे तरी आपण करू शकतो. वारसा दोघांकडून येतो. तो केवळ स्त्रीच्या माथी मारणे हे विज्ञानालाही धरून नाही आणि न्यायालाही.

उपसंहार

विकरांचा हा अभ्यास आपल्याला एक साधी गोष्ट शिकवितो. अवयव घडण्यासाठी लागणारे द्रव्य जितके महत्त्वाचे, तितकीच त्याची वेळ, जागा आणि मात्रा महत्त्वाची. प्रत्येक आरंभाला एक कारण असते आणि प्रत्येक दोषामागेही कारणांची साखळी असते. ती शोधता येते आणि पुष्कळदा कोठेतरी तोडताही येते. अळीच्या श्वासनलिकेत सल्फेट बसविणारे विकर शोधणाऱ्यांपासून ते गावातल्या गरोदर भगिनीच्या औषधाचे नाव वाचून पाहणाऱ्या आशा कार्यकर्तीपर्यंत सर्वजण याच साखळीवर काम करीत असतात.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे वैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या वा अध्यापन या क्षेत्रांत आहेत, त्यांनी आपापल्या वस्तीत वर्षातून एकदा तरी हा विषय सोप्या भाषेत मांडावा, अशी आमची विनंती आहे. पालकांनी घरातील औषधांची पाकिटे एकदा तपासून पाहावीत, आणि मुलगी किंवा सून गरोदर असेल तर तिच्या प्रत्येक तपासणीस ती पाकिटे सोबत न्यावीत. ज्या काळात गर्भातील पेशी एकमेकींशी बोलून एक देह उभारीत असतात, त्या काळात त्यांच्या बोलण्यात अडथळा न येऊ देणे, हे आपल्या सर्वांचे कर्तव्य आहे.